पिन कोड एका शहराचा, हद्द दुसऱ्याची: पत्त्याचा घोळ कसा सोडवायचा

पुण्याच्या कडेला वाढलेल्या वस्तीत मी अर्ज भरून द्यायचं काम करतो. मिळकतकर, नळजोडणी, दाखले, आधार, शिधापत्रिका, सगळंच येतं. कागद वेगवेगळे असले तरी गाडी बहुतेक एकाच जागी अडते: पत्त्यावर नाव एका शहराचं असतं आणि घर दुसऱ्याच संस्थेच्या हद्दीत असतं. लोक बिचारे आधार बदलून आणतात, भाडेकरार नव्याने करतात, दोन-दोन कार्यालयांच्या रांगेत उभे राहतात, आणि अडचण होती तिथेच राहते. खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. उदाहरणं पुणे आणि नवी मुंबईकडची आहेत, पण राज्यात कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेला हाच क्रम उपयोगी पडतो.

लक्षणं

यातलं एक जरी तुमच्या बाबतीत होत असेल तर पुढे वाचा.

- महापालिकेच्या संकेतस्थळावर कर भरायला गेलात तर मिळकत सापडतच नाही, किंवा सापडते ती भलत्याच पेठेत.
- कचरा, ड्रेनेज किंवा रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार केली की "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं उत्तर देऊन ती बंद केली जाते.
- एकाच घरासाठी ग्रामपंचायतीची जुनी मागणी आणि महापालिकेचं नवं बिल, दोन्ही हातात असतात.
- विधानसभेला मतदान करता येतं, पण महापालिकेच्या प्रभागाच्या यादीत नाव नसतं.
- बँकेचं कार्ड किंवा पासपोर्टचं टपाल "पत्ता अपुरा" म्हणून परत जातं.
- घर घेताना मुद्रांक शुल्काचा एक आकडा सांगितला जातो आणि नोंदणीच्या वेळी दुसराच निघतो.

घोळ मुळात होतो कशामुळे

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती योजना. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले, त्यामुळे पत्रांची वर्गवारी करताना चुका होत. त्यावर हा तोडगा निघाला. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन पत्र वाटणारं टपाल कार्यालय. एवढंच त्याचं काम. नगरपालिका कुठे संपते आणि ग्रामपंचायत कुठे सुरू होते, हे सांगायला तो बनलेलाच नाही.

हद्द ठरते राज्य सरकारच्या अधिसूचनेने, आणि ती बदलत राहते. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. त्या ११ पैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कल्याण-डोंबिवलीकडच्या २७ गावांचा इतिहास तर सगळ्यांना ठाऊक आहे: १९८३ साली आत, २००२ साली बाहेर, २०१५ साली पुन्हा आत. या सगळ्या उलथापालथीत टपाल कार्यालय जागचं हललं नाही आणि पिन कोडही बदलला नाही.

म्हणून असं दिसतं की वाघोली पुणे महापालिकेत आहे, पण तिचा पिन कोड ४१२२०७, म्हणजे ग्रामीण भागासारखा ४१२ ने सुरू होणारा. उलट हिंजवडीचा पिन कोड ४११०५७, शहरासारखा, आणि कारभार मात्र वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचा. त्याच ४११०५७ मध्ये शेजारचं वाकडही येतं, आणि ते आहे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. एक पिन कोड, दोन कारभारी.

नवी मुंबईची गंमत वेगळी. ते नाव आधी सिडकोच्या, म्हणजे नवी शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, प्रकल्पाचं होतं आणि प्रकल्प ठाणे व रायगड अशा दोन जिल्ह्यांत पसरला. १९९२ साली नवी मुंबई महापालिका आली ती फक्त ठाणे जिल्ह्यातल्या भागापुरती. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे रायगड जिल्ह्यात. तिथे १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिका आहे. तरी पत्त्यात सगळे "खारघर, नवी मुंबई" असंच लिहितात, आणि टपालाच्या दृष्टीने त्यात काही चूकही नाही.

१. पत्ता कोण मागतंय, ते आधी पाहा

यात पैसा लागत नाही आणि घराबाहेरही पडावं लागत नाही. तरी माझ्याकडे येणारी निम्मीअधिक प्रकरणं इथेच मोकळी होतात.

पत्ता चार निरनिराळ्या लोकांना चार निरनिराळ्या कारणांसाठी हवा असतो. टपाल, कुरिअर, बँक यांना तुमच्यापर्यंत पोचायचं असतं. त्यांना पिन कोड आणि टपाल कार्यालय महत्त्वाचं. कर, पाणी, कचरा, ड्रेनेज, बांधकाम यांत स्थानिक स्वराज्य संस्था लागते. तिथे हद्द महत्त्वाची. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला महसूल खात्याचा. तिथे गाव आणि तालुका चालतो, मग ते गाव महापालिकेत गेलेलं असो वा नसो. पोलिसांची हद्द चौथी. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय २०१८ साली झालं, त्यात चाकण, आळंदी, तळेगाव, हिंजवडी असा पालिकेबाहेरचाही मोठा टापू आहे. म्हणजे पोलीस ठाण्यावरून पालिका ओळखायला गेलात तर फसाल.

हे का महत्त्वाचं? कारण प्रत्येकाला "बरोबर" पत्ता वेगळा लागतो आणि चारही एकाच वेळी खरे असू शकतात. वाघोलीच्या माणसाने पार्सलसाठी ४१२२०७ लिहावं, करासाठी पुणे महापालिका धरावी आणि दाखल्यासाठी हवेली तालुका. यात विसंगती काही नाही.

जन्म-मृत्यूच्या नोंदीबाबत एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा: नोंद घटना जिथे घडली तिथल्या संस्थेकडे होते, तुम्ही राहता तिथे नाही. बाळ शेजारच्या शहरातल्या रुग्णालयात जन्मलं असेल तर दाखलाही तिथलाच.

२. पिन कोड टपाल खात्याकडूनच खात्री करून घ्या

भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पिन कोड टाकला की त्याखालची टपाल कार्यालयं दिसतात. आपलं पत्र कुठल्या कार्यालयातून वाटलं जातं हे कळत नसेल तर पोस्टमनला विचारा, तो एका वाक्यात सांगतो. हे फुकट आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे.

ही पायरी लागते ती बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींमुळे. कडेच्या गावातल्या प्रकल्पाला शेजारच्या नावाजलेल्या उपनगराचं नाव जोडायचं आणि माहितीपत्रकात पिन कोडही त्याच उपनगराचा छापायचा, ही सर्रास चाललेली गोष्ट आहे. लोक तोच पत्ता आधारवर घेतात. मग पत्रं भलत्याच टपाल कार्यालयात जाऊन पडतात. माहितीपत्रकातला पत्ता कधीही प्रमाण मानू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

२०२५ साली टपाल खात्याने डिजीपिन आणला. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र संकेत. घर नेमकं सापडायला तो चांगला आहे, पण हद्द त्यानेही कळत नाही.

टपाल परत जाणं एवढीच तुमची तक्रार असेल तर इथेच थांबा. पिन कोड दुरुस्त करा, पुढच्या भानगडीत पडू नका.

३. घरातले कागद काढा, आणि तारखा वाचा

शेवटची कराची पावती कोणी दिली आहे? ग्रामपंचायत, नगरपरिषद की महापालिका? उत्तर तिथेच आहे असं वाटतं, पण पावतीची तारीख पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. हद्दवाढीच्या आधीची पावती खरी असते, पण ती आजचं काही सांगत नाही.

घर विकत घेतलेलं असेल तर सूची क्रमांक दोन काढा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय टाकलं की तो फुकट पाहता येतो. नोंदलेल्या दस्ताचा हा एका पानाचा गोषवारा. वरच "गावाचे नाव" अशी ओळ असते. त्याखाली क्रमाने मोबदला, बाजारभाव, आणि चौथ्या ओळीत भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांक. तिथेच "पालिकेचे नाव" लिहिलेलं असतं आणि पुढे सदनिकेचं वर्णन, गट किंवा सर्व्हे क्रमांकासकट. बँकेने मागितल्यावर या कागदाची छायाप्रत सगळे देतात, पण ही चौथी ओळ कुणी वाचत नाही.

अलीकडे एक ताई पाण्याच्या तक्रारीसाठी आल्या. दोन क्षेत्रीय कार्यालयांनी त्यांना एकमेकांकडे पाठवलं होतं. त्यांच्या प्रत्येक कागदावर जाहिरातीतल्या उपनगराचं नाव. मी म्हटलं, "ताई, इंडेक्स टू आहे का मोबाइलमध्ये?" निघाला. गावाचं नाव तिसरंच होतं. त्या गावाचा आणि गट क्रमांकाचा उल्लेख करून नवा अर्ज लिहिला, आणि मग त्या दोनपैकीच एका कार्यालयाने तो मुकाट्याने घेतला.

पालिकेचं नाव मात्र दस्त नोंदला त्या दिवशीचं असतं. दस्त हद्दवाढीपूर्वीचा असेल तर गाव आणि गट क्रमांक तेवढा घ्या, पालिकेचं नाव पुढच्या पायरीवर तपासा.

आणखी एका कागदाने गोंधळ वाढतो, तो म्हणजे बांधकाम परवानगी. २०२१ साली पुण्यात आलेल्या २३ गावांचं नियोजन पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, ठेवलं गेलं. गाव महापालिकेत, कर महापालिकेचा, आणि परवानगीवर शिक्का पीएमआरडीएचा. त्यावरून "आम्ही महापालिकेत नाहीच" असं लोक ठामपणे सांगतात. परवानगी देणारी संस्था आणि कर घेणारी संस्था एकच असेल असं नाही; सिडकोच्या वसाहतींतही हेच पाहायला मिळतं.

४. सातबारा किंवा मिळकत पत्रिका

महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकून सातबारा फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका मिळते.

महसुली गाव ही सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्थिर गोष्ट आहे, म्हणून ही पायरी. पालिका बदलते, प्रभाग दर निवडणुकीला बदलतो, वसाहतीचं नाव बिल्डर ठेवतो. गट क्रमांक आणि महसुली गाव सहसा तेच राहतं. कुठलंही कार्यालय हद्द ठरवताना शेवटी याच दोन गोष्टींवर येतं.

बुद्रुक आणि खुर्द नीट पाहा. बावधन खुर्द पुणे महापालिकेत फार आधीपासून आहे, बावधन बुद्रुक २०२१ साली आलं. नुसतं "बावधन" लिहून केलेला अर्ज चुकीच्या टेबलावर जायला एवढं पुरतं.

५. गट क्रमांक अधिसूचनेशी ताडून पाहा

हद्दवाढीची अधिसूचना राजपत्रात असते. पालिकेच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते, नाहीतर क्षेत्रीय कार्यालयात किंवा नगररचना विभागात पाहायला मागा. गाव पूर्ण आत घेतलं आहे की काही भाग, हे त्यातच कळतं. लोहगावचा काही भाग पूर्वीपासून महापालिकेत होता आणि उरलेला २०१७ साली आला. म्हणजे एकाच गावातल्या दोन शेजाऱ्यांची महापालिकेतली वर्षं वेगळी असू शकतात, आणि त्यावर त्यांचा कर अवलंबून असतो.

प्रभाग रचनेचे नकाशेही कामाचे आहेत. त्यांच्यासोबत उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा हद्दींचं शब्दांत वर्णन दिलेलं असतं: अमुक नाला, तमुक रस्ता, अमक्या सर्व्हे क्रमांकाची हद्द. हे वर्णन हातात घेऊन एकदा पायी फिरून या. मोबाइलच्या नकाशावर दिसणारी शहराची रेघ मात्र पुरावा म्हणून कुणापुढे ठेवू नका. ती बरीच जुनी किंवा ढोबळ असू शकते.

मतदार यादीचा प्रश्न इथेच सुटतो. स्थानिक निवडणुकीच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागनिहाय फोडल्या जातात. तुमचा यादी भाग सीमेवरचा असेल तर नाव शेजारच्या प्रभागात पडतं. प्रारूप यादी लागते तेव्हाच हरकत घ्यायची. ती मुदत थोडी असते आणि नंतर कुणाच्या हातात काही राहत नाही.

६. लेखी विचारा

इथपर्यंत उत्तर मिळालं नाही, किंवा मिळालं पण समोरचा मानत नाही, तर तोंडी बोलणं बंद करा. एकच अर्ज लिहा, दोन्ही संस्थांना द्या. त्यात महसुली गाव, तालुका, गट क्रमांक, सदनिका क्रमांक आणि एकच प्रश्न: "सदर मिळकत आपल्या हद्दीत येते किंवा कसे, हे लेखी कळवावे." सोबत सातबारा आणि इंडेक्स टू जोडा. पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. पोच नसलेला अर्ज दिला की न दिला, सारखाच.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. अधिसूचनेची प्रत आणि आपल्या गट क्रमांकाची आकारणी नोंद मागा. कागद मागितला तर कागद मिळतो.

दुहेरी कराचा प्रश्नही इथूनच सुटायला लागतो. गाव महापालिकेत जातं तेव्हा ग्रामपंचायतीचं दप्तर तिकडे सोपवलं जातं, आणि जुन्या नोंदी नव्या प्रणालीत चढवताना नाव, क्षेत्रफळ, थकबाकी यांत चुका होतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा, उतारा आणि जुन्या पावत्या जपून ठेवा. ती पावती हेच तुमच्याकडे थकबाकी नाही याचं एकमेव उत्तर असतं. नव्याने आलेल्या गावांना महापालिकेचा पूर्ण दर एकदम लावायचा नसून टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो, म्हणून गाव कुठल्या तारखेला आलं हे बिलावर बरोबर धरलंय का, तेही पाहा.

आधार कधी बदलायचं

हे मुद्दाम सगळ्यात शेवटी लिहितोय, कारण लोक सगळ्यात आधी तेच करतात. आधारच्या अर्जात पिन कोड टाकला की जिल्हा, गाव आणि टपाल कार्यालयाची यादी आपोआप पुढे येते. तिथे पालिकेची हद्द निवडायची सोयच नाही. म्हणजे आधार बदलून हद्दीचा प्रश्न सुटत नाही. उलट प्रत्येक कागदावर वेगळा पत्ता झाला की बँक आणि पासपोर्टचं नवं दुखणं सुरू होतं. पिन कोडच चुकीचा असेल तरच आधार बदला. नाहीतर हात लावू नका.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

पुढच्या गोष्टी मी स्वतः करत नाही आणि तुम्हीही करू नयेत.

खरेदीखतात गाव, गट क्रमांक किंवा पालिका चुकीची पडली असेल तर वकिलाकडे जा. त्याला चूक दुरुस्तीचा दस्त लागतो, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, आणि विकणारा सापडेनासा होण्याआधी तो झालेला बरा. प्रतिज्ञापत्रावर भागवून देणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

घर घ्यायचं असेल आणि हद्दीबद्दल शंका असेल तर पैसे देण्यापूर्वी मूल्यांकन आणि मुद्रांक शुल्क वकिलाकडून किंवा दुय्यम निबंधक कार्यालयातून तपासून घ्या. महानगरपालिका, नगरपरिषद, प्रभाव क्षेत्र (शहरालगतचा ग्रामीण पट्टा), ग्रामीण, यांचे दर सारखे नसतात. शुल्क कमी भरल्याचं नंतर उघड झालं तर फरकावर दरमहा २ टक्के दंड लागतो, आणि तो भरणारा तुम्हीच असता.

हद्दीची रेघ तुमच्याच गटातून किंवा इमारतीच्या आवारातून जाते असा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. खाजगी मोजणीवर कुठलंच कार्यालय निर्णय देत नाही.

कराच्या बिलावर अपील करायचं असेल तर बिल हातात पडलं त्याच आठवड्यात कर सल्लागार किंवा वकील गाठा. अपिलाची मुदत बिल बजावल्यापासून चालू होते आणि ती फार थोडी असते.

आणि तातडीच्या वेळी हद्द शोधत बसू नका. अपघात, आग, मारहाण, काहीही असो, सरळ ११२ लावा आणि जवळची खूण सांगा. गुन्हा आपल्या हद्दीत घडला नाही म्हणून पोलीस ठाणं तक्रार नाकारू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट आहे. जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्या, तो योग्य हद्दीत पाठवणं त्यांचं काम आहे.